बायपासनंतरचे तीन महिने, नागपुरातल्या घरात

मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला जो भेटतो तो सांगतो, "आराम करा." डॉक्टरही तेच सांगतात, पण त्यांच्या आरामात रोजचं चालणं असतं, श्वासाचे व्यायाम असतात, दिवसातले बरेच तास खुर्चीत बसणं असतं. घरच्यांच्या आरामात माणूस पलंगावर आडवा असतो आणि पाणी प्यायला उठला तरी आत्याबाई ओरडतात, "काहून उठून राहिली तू? पडून राहा ना!" पुढचे तीन महिने डॉक्टरांचा आराम करायचा आहे आणि आत्याबाईंच्या आरामापासून स्वतःला वाचवायचं आहे.

माझी बायपास झाली तेव्हापासून ओळखीपाळखीतून फोन येतात. "मावशी, बाबांना उद्या सुट्टी होऊन राहिली. घरी आणल्यावर काय काय करायचं?" प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. आणि हे सगळं छातीचं हाड उघडून केलेल्या ऑपरेशनबद्दल आहे. गुडघा, पोट किंवा गर्भाशयाचं ऑपरेशन असेल तर उठण्याबसण्याचे आणि वजनाचे नियम बदलतील. चालणं, जेवण आणि मन यांबद्दलचं बरंचसं मात्र तुम्हालाही चालेल.

सुट्टी होण्याआधी

धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना असो, मेडिकलचं, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं, सुपर स्पेशालिटी असो की मिहानमधलं एम्स, सुट्टीच्या दिवशी सगळीकडे सारखीच धांदल असते. एक जण बिलाच्या खिडकीवर, एक जण औषधं आणायला, आणि सिस्टर भराभर सूचना देत असतात तेव्हा ऐकायला कोणीच जागेवर नसतं. म्हणून प्रश्न आदल्या दिवशीच कागदावर लिहा आणि राउंडच्या वेळी विचारा.

सगळ्यात आधी औषधांचं विचारा. ऑपरेशनच्या आधी ज्या गोळ्या चालू होत्या त्यातल्या कोणत्या बंद करायच्या, हे स्पष्ट लिहून घ्या. घरच्या जुन्या डब्यातली बीपीची गोळी आणि नव्या चिठ्ठीतली गोळी यांची नावं वेगळी असतात, आतलं औषध कधी कधी एकच असतं. दोन्ही घेतल्या की बीपी खाली येतो आणि माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतो. घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे तो जुना डबा रिकामा करणं.

मग पाण्याचं. दिवसाला किती पाणी प्यायचं, काही मर्यादा आहे का? नागपुरात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, का ते पुढे उन्हाळ्याच्या भागात सांगते. किती वजन उचलायचं आणि किती आठवडे, आंघोळ कधीपासून, टाके किंवा ड्रेसिंगला कधी यायचं, पुढचा इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी, फिजिओथेरपिस्ट भेटून जाणार आहेत का, आणि रात्री दोन वाजता काही वाटलं तर नेमका कोणता नंबर लावायचा, हेही विचारून ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर निघण्याआधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाच्या, टेबलावर फॉलोअपच्या तपासण्यांबद्दल बोलून घ्या. नंतर पुन्हा चकरा पडतात.

घरात आधीच आणून ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: वजनाचा काटा, थर्मामीटर, बीपीचं मशीन, एक शंभरपानी वही. संडास देशी असेल तर कमोडची खुर्ची. ती सर्जिकलच्या दुकानात भाड्यानेही मिळते. खाली गादी टाकून झोपायची सवय असेल तर काही आठवडे पलंगावर या. जमिनीवरून उठताना हातांवर जोर येतोच, आणि तोच टाळायचा असतो.

घरी येताना ऑटो नको. आपल्याकडच्या खड्ड्यांना आणि सिमेंट रोडच्या सांध्यांना तीन चाकं कशी झेलतात ते तुम्हाला माहीत आहेच. कारमध्ये मागच्या सीटवर बसा, पट्टा लावा आणि पट्टा व छाती यांच्यामध्ये एक छोटी उशी ठेवा.

उठणं, बसणं, खोकणं

छातीच्या मधलं हाड कापून तारांनी पुन्हा जोडलेलं असतं. ते बऱ्यापैकी सांधायला ६ ते ८ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला १२ आठवड्यांच्या आसपास. या काळातले सगळे नियम या एका हाडासाठी आहेत. दोन्ही हात लांब पसरून जोर लावायचा नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही, आणि वजन साधारण ४ ते ५ किलोच्या आतच. जे काही उचलायचं ते कोपरं बरगड्यांना चिकटवून, अंगाजवळ धरून.

पलंगावरून उठण्याची एक पद्धत आहे, ती दवाखान्यात शिकवतात आणि घरी आल्यावर सगळे विसरतात. गुडघे दुमडा. उशी छातीशी कवटाळा. अख्खं अंग एकदम कुशीवर वळवा, कंबर एकीकडे आणि खांदे दुसरीकडे असं नको. पाय पलंगाखाली सोडा आणि पायांच्या त्या झोकानेच अंग वर येऊ द्या. काठावर मिनिटभर बसून राहा, मग उभे व्हा. मदत करणाऱ्याने पाठीमागे हात लावायचा. दोन्ही हात धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही, आणि नेमकं हेच घरातले दणकट पुतणे-भाचे प्रेमाने करायला धावतात. त्यांना पहिल्याच दिवशी एकदा करून दाखवा.

खोकला आला तर दाबून धरू नका. आत कफ साठला की न्यूमोनियाची भीती असते. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल छातीवर घट्ट धरा आणि खोका, दुखणं निम्म्यावर येतं. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र दवाखान्यातून मिळालं असेल, त्याला स्पायरोमीटर म्हणतात. त्यात फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो. हळू ओढा, चेंडू वर गेला की क्षण-दोन क्षण धरून ठेवा, मग सोडा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. पहिल्या आठवड्यात दुसरा चेंडूही हलत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नातवंडं येऊन एका दमात तिन्ही उडवून दाखवतात, त्याचंही.

पायातून शीर काढली असेल तर त्या घोट्यावर सूज येते आणि आजूबाजूची कातडी बधिर लागते. बसताना तो पाय स्टुलावर घ्या, लटकता ठेवू नका. मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसणं सध्या बंद. छातीच्या डाव्या बाजूलाही बधिरपणा किंवा मुंग्या जाणवू शकतात, कारण तिथून आतली धमनी वापरलेली असते. महिनोन्‌महिने राहिलं तरी त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

बायकांसाठी एक गोष्ट, जी आपणहून सहसा कोणी सांगत नाही: स्तनांच्या वजनाने छातीचा टाका खाली ओढला जातो आणि जखमेच्या खालच्या टोकाला ताण येतो. तार नसलेली, पुढून हुक असलेली मऊ सुती ब्रा दिवसरात्र घातली तर खूप आराम पडतो. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटत असेल तर सिस्टरना विचारा.

चालणं, आणि वही

आता मुख्य भाग. चालणं हेच औषध आहे आणि त्यालाही डोस आहे.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, घरातल्या घरात. हॉलच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत. दोन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवा. चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान सपाट रस्त्यावर सलग २५ ते ३० मिनिटं जमायला लागतं. जेवल्यावर तासभर थांबून मगच निघा. वेग किती? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. छातीत आवळल्यासारखं झालं, चक्कर आली, धडधड वाढली तर तिथेच बसा.

इथवर सगळ्यांना कळतं. चुकतं ते पुढे, आणि ते वाईट दिवशी चुकत नाही, चांगल्या दिवशी चुकतं. तिसऱ्या आठवड्यात एखादी सकाळ अशी उगवते की अंग हलकं वाटतं, भूक लागते, काही दुखत नाही. मग माणूस चौकापर्यंत जाऊन येतो, येताना भाजी आणतो, दुपारी कपाट आवरायला काढतो. पुढचे दोन दिवस पलंगावर. घरचे म्हणतात, "बघा, सांगितलं होतं ना पडून राहा म्हणून," आणि चालणं बंद पडतं. असं दोन-तीनदा झालं की माणसाचा स्वतःवरचा विश्वासच जातो.

म्हणून वही. आज किती चालायचं ते आज सकाळच्या उत्साहाने ठरवायचं नाही, काल रात्री वहीत लिहून ठेवायचं. वहीत ८ मिनिटं लिहिलं असेल तर चांगल्या दिवशीही ८ मिनिटं, आणि कंटाळवाण्या, रडवेल्या दिवशीही ८ मिनिटं, अगदीच नाही जमलं तर निम्मं. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "वजन ५८.४. बीपी ११८/७४. उपाशी साखर १३२. चाल ८+८+६. पाय सूज संध्याकाळी, सकाळी नाही. झोप तुटक. मन: दुपारी उगीच रडू." एवढंच. पण फॉलोअपला ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की तपासणीचं काम सोपं होतं, कारण "कसं वाटतं?" याला आपलं ठरलेलं उत्तर "ठीक आहे" असतं आणि त्यातून त्यांना काहीच कळत नाही.

वजन रोज एकाच वेळी करा: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठत असतं. दवाखान्यात कळवा.

बाहेर चालायला लागल्यावर जागा निवडताना चढ टाळा. सेमिनरी हिल्स सुंदर आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यानंतर. सुरुवातीला रेशीमबागचं मैदान, धरमपेठेतला ट्रॅफिक पार्क, महाराजबाग, सिव्हिल लाइन्समधले झाडांखालचे रस्ते, जे घराजवळ असेल ते. बसायला बाक आहे का एवढं बघा. फुटाळ्याला जायचं तर सकाळी, संध्याकाळच्या गर्दीत कोणाचा धक्का छातीला लागेल सांगता येत नाही. मोबाइल आणि दवाखान्याचा नंबर खिशात, आणि सुरुवातीला सोबत कोणीतरी. सोबतीचा माणूस बडबड्या असेल तर उत्तमच, वाक्य पूर्ण करता येतं की नाही ते आपोआप तपासलं जातं.

महिना-दीड महिन्यानंतर डॉक्टरांना कार्डिअ‍ॅक रिहॅबबद्दल विचारा. फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, नाडी आणि बीपी मोजत व्यायाम वाढवत नेण्याचा हा कार्यक्रम असतो. मेडिकलमध्ये फिजिओथेरपीचा विभाग आहे, मोठ्या खासगी दवाखान्यांतही सोय असते. आपल्याकडे लोक फिजिओ म्हटलं की फक्त गुडघे आणि लकवा समजतात, त्यामुळे हे विचारतच नाहीत.

स्वयंपाकघर नावाचं व्यायामशाळेचं दालन

पुरुष बायपास करून आले की पाहुणे त्यांना भेटतात. बाई बायपास करून आली की पाहुण्यांना चहा कोण करणार हा प्रश्न तिलाच पडतो. थोडं कडू आहे, पण खरं आहे. घरात कोणी अडवत नसलं तरी हात आपोआप ओट्याकडे जातात. म्हणून ओट्यावरची वजनं सांगते.

भरलेली दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचंच वजन पंधरा किलोच्या घरात जातं. तो सरकवणंही नको. पाच लिटरचा कुकर वरण-भातासकट चार किलोच्या पुढे सहज जातो. पिळलेल्या चादरींची बादली, पिठाचा डबा, धान्याची गोणी, तीन वर्षांचा नातू, हे सगळं मर्यादेबाहेर.

वजन नसूनही छातीवर जोर देणारी कामं वेगळीच. कणीक मळणं त्यात पहिलं. दोन्ही तळव्यांनी दाबताना ताण थेट त्या हाडावर येतो. पाटा-वरवंटा, खोबरं किसणं, घट्ट बरणीचं झाकण, कपडे पिळणं, फरशी पुसणं, जड खिडकी ओढणं, हे सगळं तसंच. दोन-तीन महिने पोळ्या बाहेरून आणा नाहीतर घरातल्या पुरुषांना शिकवा. आमच्याकडे दोन्ही झालं. शिकवणीतल्या पोळ्यांबद्दल मी इथे बोलत नाही.

काय चालेल? टेबलाशी बसून मेथी निवडणं, वाटाणे सोलणं, तांदूळ पाखडण्याऐवजी निवडणं, भाजी चिरणं, कपड्यांच्या घड्या. ही कामं हलकी आहेत आणि त्यांना शेवट आहे. जुडी संपते, परात भरते. दिवसभर काही न करता बसलेल्या माणसाला असं संपणारं एक काम मनाला किती आधार देतं ते करून बघा.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं असेल तर

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांच्या पुढे जातं आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते रणरणते नऊ दिवस, लागला की रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. शक्य असेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील तर ठरवून करायचं ऑपरेशन थंडीत घ्या. पण हृदय आपल्या सोयीने वागत नाही.

इथे सल्ल्यांची टक्कर होते. शेजारी म्हणतात भरपूर पाणी प्या, पन्हं प्या, ऊन लागेल. तिकडे ज्यांच्या हृदयाची पंपिंग क्षमता कमी आहे त्यांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं, सोबत लघवी वाढवणारी गोळीही असते. मर्यादा दिली असेल तर सकाळीच तेवढं पाणी बाटल्यांत भरून ठेवा. ताक, पन्हं, चहा, वरणाचं पाणी, सगळं त्यातच मोजायचं. आणि उन्हाळ्यात घाम जास्त जातो, म्हणून मे लागल्यावर ही मर्यादा तशीच ठेवायची का हे डॉक्टरांना पुन्हा विचारा. उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, बीपी रोजच्यापेक्षा खाली असेल तर फोन करा. गोळी आपल्या मनाने बंदही करू नका आणि अर्धीही करू नका. ज्यांना मर्यादा नाही त्यांनी मात्र खरोखरच पाणी पीत राहावं. पन्ह्यात साखर आणि मीठ दोन्ही असतं, मधुमेह-बीपीवाल्यांनी ते चवीपुरतंच घ्यावं.

चालणं साडेपाच-सहाला, ऊन तापायच्या आत. संध्याकाळचं घरातच, कूलर चालू करून. कूलरमध्ये पाणी भरणं हे तुमचं काम नाही, बादली आठवा. त्यात पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा तो रिकामा करून पुसून घ्यायला सांगा. डेंग्यू परवडणारा नाही, या काळात तर मुळीच नाही.

घामाने टाक्याभोवती खाज येते. साध्या साबणाने हलकेच धुवा, मऊ कपड्याने टिपून कोरडं करा. पावडर, हळद, खोबरेल तेल, कोणाकडून तरी आलेला लेप, जखम पूर्ण बंद होईपर्यंत काहीही लावू नका. नव्या व्रणावर ऊन लागलं तर तो काळा पडतो, म्हणून वर्षभर झाकून ठेवा. नागपुरात ओढणी-स्कार्फ गुंडाळून निघणं तसंही कोणाला नवीन नाही.

ताटात काय

पहिले दोन-तीन आठवडे जेवण जात नाही. तोंडाला चव नसते, काहींना सगळं लोखंडासारखं लागतं. भरल्या ताटापुढे बसवून आग्रह करू नका. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्या.

जखम भरायला प्रथिनं लागतात. किडनी ठीक असेल तर साठ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला ७० ग्रॅमच्या पुढेमागे हवीत, आणि आपल्या नेहमीच्या वरण-भात-भाजी-पोळीत ती भरत नाहीत. हिशेब सोपा आहे: एक अंडं ६ ग्रॅम, घट्ट वरणाची वाटी साधारण तेवढंच, पेलाभर दूध ६ ते ७, पन्नास ग्रॅम पनीर ९ च्या आसपास. मूठभर भाजलेले शेंगदाणेही ६ च्या जवळ जातात, बिनमिठाचे घ्या. पातळ वरणाने पोट भरतं, प्रथिनं भरत नाहीत.

मीठ दिवसाला एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, एकूण सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, चिवडा यांत ते लपलेलं असतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर हेच सगळं वाळत असतं. सावजी रस्सा, तर्रीपोहे, पुडाच्या वड्या यांच्यापासून सध्या लांब. तर्रीशिवायचे पोहे वाटाणे आणि लिंबू घालून चांगले लागतात, हे नागपुरात म्हणायला धाडस लागतं, पण मी म्हणते.

संत्री खुशाल खा. आंबिया बहार असो की मृग, रस काढण्यापेक्षा फोडी खा, त्यातला चोथा पोट साफ ठेवतो आणि साखरही एकदम चढत नाही. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा, संत्र्यात पोटॅशियम असतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांचं कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही, ती टाळा. व्हॉल्व्ह बदलला असेल आणि रक्त पातळ करायला वॉरफेरिन चालू असेल तर पालक-मेथी बंद करायची गरज नाही, मात्र प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा. एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असं केलं की रक्ताच्या तपासणीचे आकडे वरखाली होतात.

बद्धकोष्ठता सगळ्यांना होते आणि कोणी बोलत नाही. दुखण्याच्या गोळ्या, कमी हालचाल, कमी जेवण, सगळ्याचा मिळून परिणाम. कुंथायचं नाही. इसबगोल, पपई, ताक, आणि तरीही झालं नाही तर डॉक्टरांकडून औषध.

आणि खर्रा. "सिगारेट सोडली ताई, आता फक्त खर्रा" हे मी विदर्भातल्या इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की हसू येत नाही. खर्ऱ्यात तंबाखूच असतो, निकोटीन तेच असतं, नव्याने जोडलेल्या रक्तवाहिन्यांना ते तितकंच घातक. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे.

मन, आणि भेटायला येणारे

"पॉझिटिव्ह राहा" हा सल्ला देणाऱ्याला बरं वाटतं, घेणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. हृदयाच्या ऑपरेशननंतर उदास वाटणं, कारण नसताना रडू येणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं, शब्द न आठवणं, हे इतकं नेहमीचं आहे की ते आपल्या स्वभावाचा दोष समजू नये. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. मदत कशाने होते? रोज आंघोळ करून बाहेरचे कपडे घालणं, गाऊनमध्ये दिवस काढायचा नाही. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणणं, म्हणजे रात्रीची जुळते. मोबाइलवर हृदयविकाराचे व्हिडिओ न बघणं. आणि वहीत दर आठवड्याला मागचं पान उलटून बघणं: तेव्हा ५ मिनिटांत दमत होतो, आता पंधरा होतात. मनाला समजावण्यापेक्षा आकडे दाखवलेले बरे.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन लागत नसेल, जेवणखाण सुटलं असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर डॉक्टरांना सांगा. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी बोला. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? येऊ द्या, पण घरातल्या कोणीतरी वेळ ठरवून द्यावी, पाच ते सहा. सर्दी-खोकला असलेल्याने फोनवरच विचारपूस करावी. दर घराण्यात एक काका असतातच, जे खुर्चीत टेकल्याबरोबर सुरू करतात, "आमच्या साडूचीही अशीच झाली होती बायपास. महिन्याभरात गेला बिचारा." अशा वेळी पेशंटने "माझी चालायची वेळ झाली" म्हणून सरळ उठावं. वही यासाठीही उपयोगी पडते.

जोडीदाराशी संबंध कधीपासून, हा प्रश्न लोक गिळून टाकतात. दोन जिने न धापता चढता आले की साधारण शरीर तयार असतं, बहुतेकांच्या बाबतीत हे ६ ते ८ आठवड्यांनी. छातीवर भार येणार नाही एवढं बघा आणि फॉलोअपला निःसंकोच विचारा.

फोन कधी करायचा

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, जखमेतून पू किंवा पाणी, वाढती लाली, खोकताना किंवा वळताना छातीच्या हाडात कटकट आवाज किंवा हलल्यासारखं वाटणं, एका पोटरीत दुखणं आणि सूज (शीर न काढलेल्या पायातसुद्धा), नाडी अनियमित आणि जोरात पळणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. नाडीची गडबड पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होते आणि तिच्यावर उपचार आहेत, पण ती अंगावर काढायची नसते.

अचानक दम लागला, ऑपरेशनआधीसारखं छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन करा. स्कूटरवर मध्ये बसवून न्यायचं नाही.

पुन्हा गाडीवर

कार साधारण सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांनी हाड तपासून होकार दिल्यावर. स्कूटरला त्याहून उशीर. तोल सावरताना, ब्रेक दाबताना आणि खड्ड्यात हँडल धरून ठेवताना जोर थेट छातीवर येतो. मधल्या काळात मेट्रो बरी. स्टेशनांना लिफ्ट आहे, गाडी हादरत नाही. शाळा-ऑफिस बसून करायचं असेल तर दीड-दोन महिन्यांनी, सुरुवातीला अर्धा दिवस. वर्गात तास-तास उभं राहायचं असेल तर मुख्याध्यापकांकडून खुर्ची आणि खालच्या मजल्यावरचा वर्ग मागून घ्या, मागितल्याशिवाय मिळत नाही. अ‍ॅक्टिव्हा चालवायची परवानगी मिळाल्यावरही काही दिवस ती साइड स्टँडवरच लावा. मेन स्टँडवर घेणं म्हणजे शंभर किलोची गाडी ओढणं, ते पार्किंगवाल्या दादांना सांगा.